कार्यक्षमतेचा कांटा

राज्य परिवहन महामंडळाच्या रत्नागिरी विभागांत नऊ आगारें आहेत: मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, देवरूख, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर. हीं सर्व एकाच खात्याचीं व एकाच नियमांनीं बांधलेलीं. तरीपण त्यांपैकीं कोणतें आगार चांगलें चालतें आणि कोणतें वाईट, असा प्रश्न कोणी केल्यास उत्तर देणाराला आधीं उलट विचारावें लागेल कीं, चांगलें म्हणजे काय? वरच्या कचेरीला उत्पन्न पाहिजे. कार्यशाळेला दहा लिटर डिझेलमध्यें गाडी किती किलोमीटर गेली हा आंकडा पाहिजे. महामार्गावरच्या उतारूला वेळेवर सुटणारी आणि बसावयास जागा असणारी गाडी पाहिजे. आणि डोंगराच्या कुशींतल्या वाडींतील म्हातारीला सकाळीं तालुक्याच्या दवाखान्यांत नेऊन दिवेलागणीच्या आंत परत आणून सोडणारी गाडी पाहिजे, मग त्या गाडींत तिच्याखेरीज दुसरे चारच उतारू कां असेनात! या मागण्या एकमेकींशीं पटणाऱ्या नाहींत. त्या सर्वांचा मिळून एकच अंक काढावयाचा तर कोणत्या मागणीला किती वजन द्यावयाचें हें कोणाला तरी ठरवावें लागतें. आणि तें ज्याच्या हातीं, निकालहि त्याच्याच हातीं.

आजवर हा अधिकार बहुतेक ठिकाणीं वरच्या कचेरीनें आपल्याकडे ठेविला आहे. एस.टी.च्या व्यवहारांत त्याचें रूढ रूप म्हणजे भारमान. गाडींतील जागांपैकीं शेंकडा किती जागा भरल्या, याचा हा आंकडा. तो काढावयास सोपा आणि सांगावयास त्याहून सोपा. ‘भारमान कमी, म्हणून फेरी बंद’ हें वाक्य कोंकणांतल्या खेड्यांना नवें नाहीं. ज्या संस्थेनें ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हें ब्रीद पत्करलें आहे, तिच्या हातांत मोजण्याचें साधन मात्र एवढेंच असावें, हें थोडें विचित्र आहे. बहुजनांचें हित भरलेल्या जागांवरून कळतें, असें त्या ब्रीदाच्या कर्त्यांना खास वाटलें नसावें.

या अडचणीवर गणितशास्त्रानें एक तोडगा सुचविला आहे, आणि त्याचेंच परीक्षण येथें करावयाचें आहे. १९७८ सालीं अब्राहम चार्न्स, विल्यम कूपर आणि एडवर्डो ऱ्होड्स या तिघा अमेरिकन पंडितांनीं ‘युरोपियन जर्नल ऑफ ऑपरेशनल रिसर्च’ या नियतकालिकांत अवघा सोळा पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. निर्णय घेणाऱ्या घटकांच्या कार्यक्षमतेचें मापन, असा त्याचा विषय. त्यांतून निघालेल्या पद्धतीला ‘डेटा एन्व्हलपमेंट अॅनॅलिसिस’ असें लांबलचक नांव पडलें. आपण तिला या लेखापुरती ‘आवेष्टन-पद्धति’ म्हणूं. पेढ्या, इस्पितळें, शाळा, बंदरें, वीज-मंडळें, न्यायालयें अशा नाना संस्थांना गेल्या जवळजवळ अर्ध्या शतकांत ही पद्धति लावून पाहण्यांत आली, आणि भारतांतील राज्य परिवहन संस्थाहि तिच्या तडाख्यांतून सुटलेल्या नाहींत. गणिताचें नांव ऐकतांच पान उलटण्याची ज्यांना संवय आहे अशा वाचकांस विनंति एवढीच कीं, पुढें बेरीज आणि गुणाकार यांपलीकडे कांहींहि येणार नाहीं.

पद्धतीचें कुळ पाहिलें तर तें मोठें मनोरंजक आहे. मर्यादित साधनांतून अधिकांत अधिक फळ कसें काढावें, या प्रश्नाचें शिस्तशीर गणित प्रथम १९३९ सालीं लेनिनग्राडमध्यें लिओनिद कांतोरोविच यांनीं मांडलें. त्याचें निमित्त प्लायवुडच्या कारखान्यांतील यंत्रांवर कामाची वांटणी करण्याचें होतें. पुढें १९४७ सालीं जॉर्ज डांट्झिग यांनीं अमेरिकेच्या हवाई दलाच्या कामांत असतां तेंच गणित स्वतंत्रपणें मांडून तें सोडविण्याची सुटसुटीत रीत बसविली. एक साम्यवादी राष्ट्रांतला, दुसरा भांडवलशाहीच्या माहेरघरांतला. पण काटकसरीचें गणित दोघांचें एकच! १९५७ सालीं एम. जे. फॅरेल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें उत्पादनाच्या कार्यक्षमतेचा विचार या अंगानें केला आणि उदाहरणादाखल अमेरिकेंतील संस्थानांची शेती घेतली. एकादें संस्थान आदर्शापासून किती दूर आहे हें पाहण्यापेक्षां, त्याच्या भोंवतालचीं जीं सर्वांत चांगलीं आहेत त्यांच्यापासून तें किती मागें आहे हें पाहावें, हा फॅरेलचा मुख्य विचार. चार्न्स आणि मंडळी यांनीं या दोन्ही प्रवाहांचा संगम घडवून आणला.

आतां पद्धति चालते कशी तें पाहूं. समजा, क, ख आणि ग अशीं तीन आगारें आहेत. आंकडे केवळ कल्पनेंतले आहेत. वर सांगितलेल्या नऊ आगारांपैकीं कोणाशींहि त्यांचा संबंध जोडूं नये. तिघांनाहि गाड्या सारख्या मिळालेल्या आहेत. क महामार्गावर आहे. त्याची एक गाडी दिवसाला ३०० उतारूंची ने-आण करते, पण २ च गांवांना पोंचते. ख डोंगरांत आहे. त्याची गाडी १०० उतारू नेते, पण ६ गांवें जोडते. ग मधल्या मुलुखांत आहे. १५० उतारू आणि ३ गांवें. केवळ उतारू मोजले तर क ला शंभर गुण, ग ला पन्नास आणि ख ला तेहतीस. ख च्या फेऱ्या कमी करण्याचा हुकूम निघावयास एवढें पुरेसें आहे. उलट केवळ गांवें मोजलीं तर ख पहिलें, ग पुन्हां निम्म्यावर, आणि क तळाला.

आवेष्टन-पद्धति या भांडणांत पंच म्हणून बसत नाहीं. ती प्रत्येक आगाराला जवळ बोलावून सांगते कीं, उतारू आणि गांव यांना तुला सोयीचीं वाटतील तीं वजनें तूंच दे. अट एकच, तींच वजनें इतरांना लावलीं असतां कोणाचेहि गुण शंभराच्या वर जातां कामा नयेत. क सगळा भर उतारूंवर देतें आणि शंभर मिळवितें. ख गांवांवर भर देतें आणि तेंहि शंभर मिळवितें. आतां ग ची पाळी. नुसत्या उतारूंवर भर दिला तर त्याला पन्नास, नुसत्या गांवांवर दिला तरी पन्नास. त्याला सर्वांत अधिक लाभदायक वजनें म्हणजे उतारूमागें पाव गुण आणि गांवामागें साडेबारा गुण. या हिशेबानें क चे ७५ आणि २५ मिळून शंभर. ख चे २५ आणि ७५ मिळून शंभर. आणि ग चे साडेसदतीस अधिक साडेसदतीस, म्हणजे पंचाहत्तर. याहून अधिक गुण देणारीं वजनें ग ला त्रिभुवनांत शोधूनहि सांपडावयाचीं नाहींत. आणि हें कां, तेंहि पद्धति सांगून टाकते: निम्म्या गाड्या क च्या रीतीनें आणि निम्म्या ख च्या रीतीनें चालविल्या असत्या तर दर गाडीमागें सरासरीनें २०० उतारू आणि ४ गांवें झालीं असतीं. तेवढ्याच गाड्यांत ग नें १५० आणि ३ केलीं. दोन्हींकडे पाऊण हिस्साच.

या रीतींत जो उदारपणा आहे त्याची योग्य ती वाखाणणी केली पाहिजे. परीक्षकाच्या मनांतली कसोटी परीक्षार्थ्यावर न लादतां, ज्याचें त्यानें आपलें उत्तम बाजूनें समर्थन करावें, आणि त्या समर्थनाच्या कसोटीवरच त्याला पाहावें, ही वृत्ति ग्रंथपरीक्षणांतहि दुर्मिळ आहे. मग सरकारी तक्त्यांत तिची काय कथा! भावगीतांच्या संग्रहांत महाकाव्याचा विस्तार नाहीं म्हणून नाक मुरडणारा टीकाकार आणि डोंगरांतल्या आगाराला महामार्गाच्या भारमानानें मोजणारा अधिकारी, हे दोघेहि एकाच जातीचे. आवेष्टन-पद्धति त्यांच्यापैकीं नाहीं.

आपल्या जिल्ह्याला परिचित असलेल्या एका गोष्टीशीं याची तुलना करण्याजोगी आहे. दापोली तालुक्यांतल्या मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनियर रँग्लर झाले, आणि त्याचा अभिमान कोंकणाला अजून आहे. तो कांटा निराळा होता. सर्वांना तेच प्रश्न, त्याच गुणसंख्या, आणि शेवटीं एकाखालीं एक नांवांची यादी. १९०९ नंतर तशी अनुक्रमवार यादी लावणें केंब्रिजनेंहि सोडून दिलें. एका मुलाच्या बुद्धीचीं अनेक अंगें एकाच शिडीवर चढवितां येतात कीं नाहीं, याबद्दल खुद्द गणितज्ञांनाच शंका येऊं लागली होती. जेथें मुलांच्या गणिताचाहि एक कांटा पुरला नाहीं, तेथें दवाखाना, शाळा, बाजार आणि माहेर यांना जोडणाऱ्या गाडीचा एक कांटा कसा पुरावा?

मूळ निबंधकारांची नजर नफ्याच्या धंद्यांवर नव्हती, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. ज्यांच्या कामाला बाजारभाव नाहीं अशा सार्वजनिक संस्थांसाठींच त्यांनीं ही रीत काढली. अमेरिकेंत गरीब घरांतल्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठीं ‘फॉलो थ्रू’ नांवाची सरकारी योजना चालू होती. तिच्यांतल्या शाळा आणि योजनेबाहेरच्या शाळा यांची तुलना हा ऱ्होड्स यांच्या प्रबंधाचा विषय होता, आणि तीच तुलना तिघांनीं १९८१ सालीं दुसऱ्या निबंधांत विस्तारानें मांडली. तेथें शाळेच्या फळांमध्यें वाचन आणि गणित यांच्या जोडीला मुलाचा आत्मसन्मान हेंहि एक फळ धरलेलें आहे. गणितांतल्या एका उदाहरणाची एका वेळच्या भोजनाशीं आणि भोजनाची आत्मसन्मानाशीं किंमत बांधून देणारा बाजार कोठेंच नाहीं. म्हणून किंमत न बांधतां तुलना करण्याची युक्ति त्यांना शोधावी लागली. आपल्याकडे २०२३ सालीं कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची योजना पुढें आली, तेव्हां पटसंख्येखेरीज दुसरें एकादें फळ मोजावें असें कितीजणांना सुचलें, हा विचार मनांत आल्यावांचून राहात नाहीं. असो.

येथवर स्तुति झाली. परंतु पद्धतीचे दोष तिच्या गुणांच्याच पोटीं जन्मास येतात, आणि ते तिच्या भक्तांनीं सहसा मोठ्यानें सांगितलेले नाहींत.

पहिला दोष टोंकाच्या घटकांबद्दलचा. आपल्या तीन आगारांत घ नांवाचें चौथें आणून बसवा. त्याची गाडी दिवसाकाठीं अवघे २० उतारू नेते, पण गांवें मात्र ७ फिरते. जवळजवळ रिकाम्या गाड्या फिरविणाऱ्या या आगाराला पद्धति शंभर गुण देऊन मोकळी होते, कारण गांवांच्या बाबतींत त्याच्यावर ताण करणारा कोणी नाहीं. उतारूंना घ नें शून्य वजन दिलें तरी हरकत नाहीं! मूळ निबंधांत अशीं शून्य वजनें चालत असत. वर्ष लोटलें नाहीं तोंच, १९७९ सालीं, कर्त्यांनींच एक छोटी दुरुस्ती छापली कीं, वजन कितीहि सूक्ष्म असो, पण शून्याहून अधिक असलें पाहिजे. दुरुस्ती प्रामाणिकपणाची आहे; परंतु तिनें रोगाला नुसती फुंकर घातली. लाखांशाचें वजन आणि शून्य वजन यांत व्यवहारदृष्ट्या भेद तो काय?

दुसरा दोष संख्येचा, आणि तो रत्नागिरीला थेट लागूं पडणारा आहे. घटक थोडे आणि मोजण्याच्या बाबी फार, असें झालें म्हणजे प्रत्येकाला आपापली एक वेगळी उत्कृष्टता सांपडते आणि सगळेच पहिले येतात. यासाठीं या शास्त्रांत असा एक ढोबळ संकेत रूढ आहे कीं, घटकांची संख्या आदानें आणि प्रदानें यांच्या बेरजेच्या निदान तिप्पट असावी. आगारांसाठीं गाड्या, डिझेल आणि कामगार हीं तीन आदानें धरलीं, आणि उतारू, किलोमीटर व जोडलेलीं गांवें हीं तीन प्रदानें धरलीं, तर निदान अठरा आगारें पाहिजेत. विभागांत आहेत नऊ. म्हणजे ही पद्धति नऊ आगारांना लावली तर बहुतेकांच्या पदरीं शंभर पडतील आणि सभेंत सर्वांचें अभिनंदन होईल. बरें, संख्या भरून काढण्यासाठीं आंबा घाटाच्या वर जाऊन कोल्हापूर विभागांतलीं आगारें आणावींत, तर ज्या अन्यायापासून सुटण्यासाठीं हा सारा खटाटोप केला तोच अन्याय मागल्या दारानें घरांत येतो. सपाटीवरची दहा लिटरची वाट आणि आमची वळणावळणाची, चढउतारांची, चार महिने धारेखालीं भिजणारी वाट एक नव्हे. अशा हाताबाहेरच्या गोष्टींसाठीं १९८६ सालीं राजीव बँकर आणि रिचर्ड मोरे यांनीं निराळी तरतूद सुचविली. जें घटकाच्या हातीं नाहीं त्याबद्दल त्याला जबाबदार धरूं नये, असें तिचें सार आहे. पण घाटाची चढण हिशेबांत घ्यावयाची म्हणजे आणखी एक बाब वाढली, आणि बाब वाढली कीं आगारेंहि आणखी पाहिजेत! शेपूट पकडावयास गोल फिरणाऱ्या कुत्र्याची येथें आठवण होते.

वजनांवर बंधनें घालावींत, हा यावरचा रूढ उपाय. त्याची कथा बोधप्रद आहे. टेक्सासमध्यें पदार्थविज्ञानाची एक प्रचंड प्रयोगशाळा कोठें उभारावी, या प्रश्नाला ही पद्धति लावण्यांत आली, तेव्हां सहांपैकीं पांच जागा सारख्याच उत्तम ठरल्या. निवड करणाऱ्यांना याचा काय उपयोग? म्हणून १९८६ च्या त्या लेखांत कोणत्या बाबीचें वजन दुसरीच्या किती पट असावें याच्या सीमा तज्ज्ञांच्या मतानें घालण्यांत आल्या. युक्ति चांगली, पण ज्या वरच्या कचेरीचा हात आपण दरवाजाबाहेर ठेविला होता तो तिनें खिडकींतून आंत आला. एका गांवाची किंमत निदान किती उतारूंइतकी धरावी, ही सीमा मंडणगडांत बसलेला मनुष्य घालणार कीं मुंबईंत बसलेला, या प्रश्नाला पद्धतीच्या पुस्तकांत उत्तर नाहीं.

ग आगारापुढें जो नमुना ठेविला, अर्धें क आणि अर्धें ख, त्याबद्दलहि शंका घेण्यास जागा आहे. असें आगार कोठेंच नाहीं. तें कागदावरच्या रेघेवर राहतें. आंकड्यांना बाहेरून ताणून बसविलेल्या या कागदी कवचावरूनच पद्धतीला आवेष्टन हें नांव मिळालें. परंतु अर्धा महामार्ग आणि अर्धा डोंगर एकत्र केल्यानें ग चा मुलूख बनत नाहीं. मोठ्या आणि लहान घटकांना एकाच मापानें मोजण्याची मूळ निबंधांतील चूक मात्र पुढें बरीचशी दुरुस्त झाली. १९८४ सालीं त्याच बँकर यांनीं चार्न्स आणि कूपर यांच्या बरोबरीनें लहान घटकाला आपल्या आकाराच्या जोडीदारांशींच ताडून पाहण्याची सोय केली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या आगाराशेजारीं आडवळणाचें लहान आगार उभें करावयाचें असल्यास ही दुरुस्ती वगळून चालणार नाहीं.

तिसरा दोष दैवाचा. आवेष्टन-पद्धतीच्या जगांत योगायोग नाहीं. कवचापासून जेवढें अंतर, तेवढी सारी अकार्यक्षमता. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीला महापूर आला आणि चिपळूणचें बसस्थानक पाण्याखालीं गेलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरापासून पुढच्या एप्रिलापर्यंत एस.टी.चा दीर्घ संप चालला. त्या वर्षाचे आंकडे घेऊन कोणी चिपळूण आगाराचे गुण काढले तर पुराचें पाणी व्यवस्थापकाच्या आळसाच्या खात्यावर जमा होईल. दैवाचा वांटा निराळा काढून ठेवणारी एक प्रतिस्पर्धी रीत १९७७ सालींच निघालेली आहे. पण तिला उत्पादनाचें एक ठराविक सूत्र आधीं गृहीत धरावें लागतें, आणि ज्या स्वातंत्र्यासाठीं आवेष्टन-पद्धति काढली तेंच तींत गमवावें लागतें.

आणि सर्वांत मोठा प्रश्न रकान्यांचा. वजनें ज्याचीं त्यानें ठरवावींत, हें खरें. पण रकाने कोणीं आंखावयाचे? १९९७ सालीं भट्टाचार्य, लव्हेल आणि सहाय यांनीं भारतांतील ७० पेढ्यांचा १९८६ ते १९९१ या काळाचा अभ्यास याच पद्धतीनें प्रसिद्ध केला, आणि सरकारी पेढ्या सर्वांत कार्यक्षम ठरल्या. परदेशी पेढ्या त्यांच्या मागें, आणि खासगी त्यांच्याहि मागें. सरकारी पेढीच्या खिडकीपुढें ताटकळलेल्या वाचकाला हें वाचून हंसूं येईल. परंतु त्या अभ्यासांत ठेवींना पेढीचें फळ मानलेलें आहे. खेडोपाडीं शाखा काढून लोकांच्या ठेवी गोळा करणें हें ज्यांना सक्तीचें कर्तव्य होतें, त्या पेढ्या त्या रकान्यांत भारी ठरणें साहजिकच होतें. दुसरे अभ्यासक ठेवींना पेढीचा कच्चा माल समजतात. ठेव ही पेढीनें केलेली सेवा कीं पेढीला मिळालेली सामुग्री, हा वाद गणितानें मिटत नाहीं. आणि तो ज्या बाजूनें मिटवाल त्या बाजूला क्रमवारी फिरते.

एस.टी.चेंहि तसेंच आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटांत प्रवास मिळूं लागला, आणि राहिलेली रक्कम भरून देण्याचें शासनानें पत्करलें. आतां आगाराचें फळ म्हणून वाहकाच्या पिशवींत पडलेला पैसा मोजला तर एक चित्र दिसतें, उतारूंचीं डोकीं मोजलीं तर दुसरें, आणि शासनाची भरपाई मिळवून उत्पन्न धरलें तर तिसरें. वस्तीची गाडी घ्या. रात्रीं शेवटच्या गांवीं जाऊन मुक्काम करणारी आणि पहांटे तेथूनच निघणारी ही गाडी कोंकणांत कित्येक गांवांचें घड्याळ आहे. तिच्यामुळें शाळेंत पोंचणारें पोर, दुधाचे कॅन, न चुकलेली कोर्टाची तारीख, यांतलें कांहीं कोणत्याहि रकान्यांत नाहीं. चालक आणि वाहक यांना रात्रीं जमिनीवर पथारी पसरावी लागते, तेंहि नाहीं. रकान्यांत आहे तें एवढेंच कीं, गाडी बारा तास उभी होती.

मग या कांट्याचा उपयोग काय करावा? त्याच्या रचनेकडे पाहिलें तर एक गोष्ट लक्षांत येते. येथें प्रत्येक घटकानें आपल्याला सर्वांत अनुकूल असा वकील दिलेला असतो. इतका अनुकूल वकील असूनहि जो पंचाहत्तरावर राहिला, त्याच्याकडून खुलासा मागण्यास जागा आहे. पूर, संप आणि चुकलेला रकाना हीं कारणें तपासून झाल्यावर त्या कमी गुणांना खरा अर्थ राहतो. याच्या उलट, शंभर गुण मिळाले याचा अर्थ फारसा कांहीं नाहीं. टोंकाला एकटें उभें राहिल्यानेंहि ते मिळतात, हें घ नें दाखविलेंच आहे. असें असतां अहवालांतून या पद्धतीचा उपयोग नेमका उलटा केलेला दिसतो. शंभरवाल्यांची यादी पहिल्या पानावर झळकते आणि कमी गुणांची कारणमीमांसा परिशिष्टांत जाते. आमच्या मतें कोणतीहि फेरी बंद करण्यापूर्वीं हा कांटा त्या आगाराच्या बाजूनें एकदां लावून पाहावा, आणि बक्षिसें वांटावयास तो कधींहि काढूं नये.

शिवाय गुणांपेक्षां वजनांत वाचण्यासारखें अधिक असतें, आणि तीं तर बहुतेक छापलींहि जात नाहींत. आपल्या पहिल्या तीन आगारांकडे पुन्हां पाहा. उतारूमागें पाव आणि गांवामागें साडेबारा, म्हणजे एक गांव पन्नास उतारूंच्या बरोबरीचें. ही किंमत कोणत्याहि मंत्र्यानें किंवा अधिकाऱ्यानें बांधलेली नाहीं; ती क आणि ख यांच्या चालू व्यवहारांतूनच निघते. एक गांव निदान पन्नास उतारूंइतकें मोलाचें धरलें तरच डोंगरांतल्या ख ला पुरे गुण मिळतात. त्याखालीं धरलें कीं क पुढें आणि ख मागें. एक गांव पन्नास उतारूंच्या मोलाचें आहे कीं नाहीं, याला मंडणगडच्या वाडींत एक उत्तर मिळेल आणि मुंबईच्या मध्यवर्ती कचेरींत दुसरें. भारमानाच्या तक्त्यांत मात्र हा प्रश्न लिहिलेलाच नसतो.